०-२ ला पिचर पुढे असतो आणि हिट नेमका तिथंच बसतो. काय चुकतंय?

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. ज्युनिअर कॉलेजच्या बेसबॉल टीमसाठी विचारतोय, जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर आल्यात. मुख्य पिचर उजव्या हाताचा, वय १७. फास्टबॉल ताशी ११०-११५ किमी, कर्व्ह (वळून खाली पडणारा बॉल) ९० च्या आसपास, चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू बॉल) अजून कच्चा. पोरगा स्ट्राइक टाकायला घाबरत नाही, पहिले दोन पटापट घेतो. पण पुढं हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! ०-२ (एकही बॉल नाही, दोन स्ट्राइक; तिसऱ्याला बॅटर आउट) झालं की एकतर बॉल कॅचरला उडी मारून धरावा लागतो, नाहीतर सरळ मधोमध येतो आणि दोन फिल्डरमधल्या गॅपमधून डबल (दोन बेसचा फटका) जातो. बऱ्याचदा ०-२ चं ३-२ होतं आणि शेवटी वॉक (चार बॉल होऊन बॅटर फुकटात पहिल्या बेसवर).

०-२ ला एक बॉल वाया घालवावा असं सगळे सांगतात. ते बरोबर आहे का? तिसरा स्ट्राइक कशानं घ्यायचा, फास्टबॉलनं की कर्व्हनं? आणि कॅचरनं बसायचं कुठं?

(काउंट बॉल आधी, स्ट्राइक नंतर असा लिहितोय. जपानमध्ये पूर्वी उलटं सांगायचे म्हणून खुलासा.)

होमप्लेटमागचा (कराड)

सर, "वाया" हा शब्द आधी डगआउटमधून हद्दपार करा. ०-२ ला झोनबाहेर (स्ट्राइक धरतात त्या चौकटीबाहेर) टाकलेला बॉल बॅटरनं मारायला जावं म्हणून टाकायचा असतो, त्यानं सोडावा म्हणून नाही. हातभर बाहेरचा बॉल बॅटर नुसता बघतो. त्याला तुमच्या पोराचा वेग आणखी एकदा फुकटात बघायला मिळतो आणि काउंट १-२ होतो. यात पिचरला मिळालं काय?

आता मापं. प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंमी. बॉलचा व्यास जवळपास साडेसात सेंमी. बॉलचा जरासा भाग जरी प्लेटवरून गेला तरी स्ट्राइक, त्यामुळं पिचरला दोन्ही बाजू धरून खरं तर ५८ सेंमी मिळतात. ०-२ चा बाहेरचा बॉल प्लेटच्या कडेपासून एक बॉल लांब असावा, फार तर दोन. एवढ्या अंतरावर बॅटरला सोडवतही नाही आणि मारताही येत नाही. तीन बॉल बाहेर गेला की त्याला विचारच करावा लागत नाही.

तुमच्या पिचरचा बॉल मधोमध येतो त्याचं कारण बहुतेक वेळा धाडस नसतं, हात आखडणं असतं. "कडेला टाक" म्हटलं की पोरं नेम धरायला लागतात. पाय नेहमीसारखा पडतो, पण हात पाच-सात टक्के सावकाश येतो आणि फॉलो-थ्रू छातीपाशीच थांबतो. बॉल बोटांतून लवकर सुटतो आणि वर राहतो. कर्व्ह असेल तर फिरतो, पण पडत नाही, आणि असा कमरेच्या उंचीला लटकलेला कर्व्ह म्हणजे बॅटरला आयतं ताट वाढल्यासारखं. बाजूनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. ०-० चा फास्टबॉल आणि ०-२ चा फास्टबॉल शेजारी लावून बघा: बॉल सुटल्यावर टाकणारा हात पुढच्या गुडघ्याच्या बाहेर जातो की पोटाजवळच अडकतो? फरक असेल तर रोग सापडला.

कॅचर: बॅटर स्टान्स घेत असताना मधोमध बसायचं आणि पिचरनं पाय उचलल्यावर सरकायचं, आधी नाही. आधी सरकलं की बुटांचा आवाज येतो, बॅटर चोरून बघतोही. सरकायचं ते एवढंच, की ग्लव्हचा मध्य प्लेटच्या कडेच्या वीतभर आत-बाहेर राहील. कॅचर अर्धा मीटर बाहेर जाऊन बसला तर पिचर तिथंच टाकणार, त्यात पिचरचा काय दोष?

आणि १-२ पर्यंत हे सगळं चालतं. २-२ झालं की मात्र झोनमध्येच टाकायचं, कारण ३-२ ला तुमच्या हातात निवड उरत नाही.

अजिंक्यतारा_९ (सातारा)

वरचं सगळं मान्य. पण "कशानं घ्यायचा" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. उत्तर बॅटरच देऊन गेलेला असतो. आधीचे दोन स्ट्राइक कसे आले ते बघा.

उजव्या बॅटरचा फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) पहिल्या बेसच्या बाजूला गेला, तर तो फास्टबॉलला उशिरा पोचतोय. त्याला पुन्हा फास्टबॉलच द्या, छातीच्या उंचीला, झोनच्या वरच्या रेषेच्या थोडा वर. इथं कर्व्ह टाकणं म्हणजे त्याच्यावर उपकार करणं. ११५ ला ज्याची बॅट पोचत नाही, तिला ९० वर आपण स्वतः पोचवतो! कॉलेजच्या मॅचेसमध्ये ०-२ चे अर्धे हिट मला याच चुकीचे वाटतात. पिचर "फसवायला" जातो आणि बॅटरची सोय करून ठेवतो.

फाउल तिसऱ्या बेसच्या बाजूला जोरात गेला, तर बॅटर लवकर येतोय. त्याला हळू बॉल. थोडा हिशोब करा: पिचरच्या पायाखालच्या रबरपट्टीपासून प्लेट १८.४४ मीटर, पण पिचर पाऊल टाकून बॉल सोडतो तिथून जवळपास १६.८ मीटर उरतात. ११५ च्या बॉलला साधारण ०.५५ सेकंद लागतात, ९८ च्या चेंजअपला ०.६४ च्या आसपास. फरक नऊ शतांश सेकंदांचा, पण तेवढ्यात तो हळू बॉल दोन मीटरहून जास्त अंतर कापतो. फास्टबॉलच्या वेळेला फिरलेली बॅट बॉल पोचायच्या आधीच निघून गेलेली असते. फक्त हात दोन्हीला सारख्याच वेगानं यायला हवा. वेग पकडीतून कमी करायचा: बॉल बोटांच्या टोकांवर न धरता तळव्याकडे खोल धरायचा. हात सावकाश आणून टाकलेला चेंजअप म्हणजे नुसता हळू फास्टबॉल.

आणि दोन्ही स्ट्राइक बॅटरनं नुसते बघितले असतील, तर त्याच्या टायमिंगचा काहीच पत्ता नाही. तिथं पायांकडे बघा. दोन स्ट्राइक झाले की बरेच जण बॅट दोन बोटं वर धरतात आणि प्लेटजवळ सरकतात. जवळ सरकला की आतली बाजू उघडी पडते. बॉक्समध्ये पुढं सरकला तर समजायचं की कर्व्ह वळायच्या आत मारायचा बेत आहे, म्हणून फास्टबॉल वर.

आतल्या बॉलबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. ॲल्युमिनियमची बॅट असेल तर मुठीजवळ लागलेला बॉलही इनफिल्डच्या डोक्यावरून टपकतो. लाकडी बॅट असती तर तिथं दांडा तुटला असता. आणि ०-२ ला बॅटरच्या अंगावर बॉल घालून त्याला पहिला बेस देण्याइतका महाग व्यवहार दुसरा नाही. आत टाकायचं तर वर आणि आत, झोनला चिकटून. खाली आणि आत नको.

होमप्लेटमागचा (कराड)

@अजिंक्यतारा_९, छातीच्या उंचीवर थोडं अडतं. आपल्याकडची पोरं क्रिकेटमधून येतात. आडव्या बॅटनं पुल मारायची सवय असलेल्याला छातीचा बॉल परका नाही. उलट बाहेरच्या खालच्या बॉलला ती ड्राइव्ह मारायला पुढं झेपावतात, वजन पुढच्या पायावर जातं, बॅटमध्ये जोर उरत नाही. मी तर आधी खाली-बाहेर कर्व्हच मागेन.

अजिंक्यतारा_९ (सातारा)

पुल मारणारा टप्पा पडलेला बॉल मारतो. टप्प्यानंतर बॉल हळू होतो, शिवाय वर येताना दिसतो. इथं टप्पाच नाही. बाकी तुमचा मुद्दा झेपावणाऱ्या बॅटरपुरता खरा आहे, पण उशिरा येणाऱ्याला मी कर्व्ह देणार नाही म्हणजे नाही.

आणि खाली कर्व्ह मागताना मैदान कुठलं तेही बघा. सांगलीकडची काळी जमीन उन्हात वाळली की तिला भेगा पडतात, कडा टणक होतात. मातीत पडलेला कर्व्ह कॅचरच्या छातीवर येईल की कानाशेजारून जाईल सांगता येत नाही. तिसऱ्या बेसवर रनर असेल आणि कॅचर नवखा असेल, तर तो बॉल मागूच नका.

कृष्णाबाई_डगआउट (सांगली)

सॉफ्टबॉलच्या मुलींसाठी वाचणाऱ्यांना एवढंच: तत्त्व तेच, पण मुलींच्या पिचिंगचं अंतर १३.११ मीटर, त्यामुळं बॅटरला विचाराला वेळ आणखी कमी. छातीच्या फास्टबॉलच्या जागी राइज (वर चढल्यासारखा वाटणारा बॉल), मातीतल्या कर्व्हच्या जागी ड्रॉप (शेवटी खाली पडणारा). ०-२ ला राइज कमरेला सुटला तर फटका लांब जातो, म्हणून तो वर चुकला तरी चालेल, खाली चुकता कामा नये.

फिल्डिंगचंही कुणी बोललं नाही. दोन स्ट्राइकनंतर बंट (बॅट न फिरवता बॉलला नुसती टेकवणं) फाउल गेला तर बॅटर आउट, त्यामुळं बंटची भीती जवळपास संपते. तिसऱ्या आणि पहिल्या बेसच्या फिल्डरनी तीन-चार पावलं मागं जायलाच हवं. तुमच्या त्या गॅपमधल्या डबलांचं हे काही औषध नाही, पण पुढंच उभं राहिल्यानं शेजारून निसटणारे ग्राउंडर तरी थांबतील.

वारणाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. व्हिडिओ काढला. फॉलो-थ्रू खरंच अडकतोय, ०-२ ला हात पोटाशी थांबतो. आता दोन प्रश्न उरले. याचा सराव कसा घ्यायचा? आणि मातीतल्या कर्व्हवर बॅटरनं स्विंग केला, हुकला, पण बॉल कॅचरच्या हातात राहिला नाही, तर आउट की नाही? आमच्या पोरांचा यावर दरवेळी गोंधळ होतो.

होमप्लेटमागचा (कराड)

दुसरं आधी. पहिला बेस मोकळा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर तिसरा स्ट्राइक कॅचरनं हवेतच झेलला पाहिजे. टप्पा पडलेला बॉल धरला तरी तो झेल नव्हे. अशा वेळी बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो आणि त्याला टॅग करून (हातातला बॉल अंगाला लावून) किंवा पहिल्या बेसवर थ्रो करून आउट करावं लागतं. पहिल्या बेसवर रनर आहे आणि दोनपेक्षा कमी आउट आहेत, तर बॅटर तिथंच आउट, मग बॉल कुठंही लोळो. पोरांना सांगा, बॉल जमिनीला लागला की न विचारता बॅटरला टॅग करा. अंपायरकडे बघत उभं राहण्यात दोन सेकंद जातात. आणि कॅचर मातीतल्या बॉलला झेलायला जात असेल तर ती सवय मोडा: गुडघे टेकायचे, ग्लव्ह पायांच्या मधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढं. बॉल अंगावर आपटून समोर पडला पाहिजे, बस्स.

सराव: दोन खांब, चार दोऱ्या. आडव्या दोन, गुडघ्याखालच्या खळग्याच्या आणि छातीच्या खालच्या उंचीला. उभ्या दोन ४३ सेंमी अंतरावर. मग बाहेरच्या बाजूला आणखी एक उभी दोरी, प्लेटच्या कडेपासून १५ सेंमीवर, वेगळ्या रंगाची. आता आपलं लक्ष्य त्या १५ सेंमीच्या पट्टीतच. पिचर आधी झोनमध्ये दोन फास्टबॉल टाकेल, मग तिसरा पट्टीत. हे तिघांचं एक आवर्तन, अशी आठ आवर्तनं, २४ बॉल. नुसते पट्टीतले बॉल सलग टाकून घेऊ नका. मॅचमध्ये तो बॉल नेहमी दोन जोरदार फास्टबॉलनंतर येतो आणि हात तिथंच आखडतो. प्रत्येक तिसऱ्या बॉलला हात गुडघ्याबाहेर गेला का, एवढंच एकानं बघायचं. पट्टी चुकली तरी हात पूर्ण आला असेल तर बॉल चांगला धरा.

कर्व्हसाठी दोरी नको. प्लेटच्या मागच्या टोकाशी टोपी ठेवा. बॉल निघताना बॅटरच्या मांडीच्या उंचीला दिसला पाहिजे आणि टोपीवर पडला पाहिजे. हातातून सुटल्यापासूनच जमिनीकडे निघालेल्या कर्व्हला कुणी बॅट लावत नाही.

अजिंक्यतारा_९ (सातारा)

हे २४ बॉलही दिवसाच्या मोजणीत धरा. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट या तरुण पिचरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत १७-१८ वयाला मॅचमध्ये दिवसाला जास्तीत जास्त १०५ पिच सांगितलेत. त्यानंतर विश्रांती किती दिवस हे वेगळं. मॅचच्या आदल्या दिवशी दोरीचा सराव बंद.

थंडीत सकाळच्या मॅचला नदीकाठच्या मैदानावर गवतावर दव असतं. ओल्या बॉलवर कर्व्हची पकड घसरते आणि तो हमखास लटकतो. रोझिनची (पकडीसाठीच्या राळेची) पिशवी माउंडमागं ठेवा, बॉल ओला वाटला की अंपायरकडून बदलून घ्या, आणि पहिल्या दोन इनिंगला ०-२ वर कर्व्ह मागूच नका.

बाकी, काउंटमध्ये पुढे असताना कंजूषपणा कसा करायचा ते बघायचं असेल तर अमेरिकेतल्या मेजर लीगचा पिचर ग्रेग मॅडक्स याच्या जुन्या मॅचेस बघायला द्या पोराला: ५००८ इनिंग टाकून ९९९ वॉक, आणि वेगाच्या नावानं तसा बेताचाच.

वारणाकाठ (सांगली)

दोऱ्या आज बांधल्या. पहिल्या आवर्तनाला तिसरा बॉल दोरीलाच अडकला.