‘आशा जिवाचा नांगर’ : यातला नांगर कोणता?

मंडळी, एक छोटीशी शंका आहे, म्हणजे सुरुवातीला छोटी वाटली होती. मैत्रिणीची आई गेली, त्यांच्या आठवणीचं एक कार्ड छापायचंय, आणि घरच्यांनी त्यावर ओळ निवडलीय ती बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ६ व्या अध्यायातली, आशा म्हणजे जिवाचा नांगर अशा अर्थाची. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी ती ओळ वाचली आणि डोळ्यासमोर सरळ शेत, बैल आणि ढेकळं आली! जरा वेळाने ट्यूब पेटली की हा जहाजाचा नांगर. पण कार्ड हातात घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना माझ्यासारखंच वाटलं तर? ‘आधार’ लिहावं का सरळ? आणि दुसरं म्हणजे ‘आशा’ हा शब्द तरी तिथे बरोबर बसतो का, कारण आपण रोज म्हणतो ती आशा फार कच्ची असते, ‘येईल अशी आशा आहे’ म्हणजे बहुतेक येणार नाही.

प्रतिसाद:
अँकर लिहा ना, सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद:
अँकर लिहिलंत तर लोकांना टीव्हीवरच्या बातम्या आठवतील. नांगरच ठेवा. जहाजाच्या बाबतीत नांगर टाकणे, नांगर उचलणे, बंदरात नांगरलेली जहाजं हे सगळं रुळलेलं मराठी आहे, उगाच कशाला घाबरायचं. शेतीचा नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला, आणि जहाजाच्या नांगराला फारसीत लंगर म्हणतात. लंगर म्हटलं की पुन्हा एकत्र पंगतीला बसून जेवणंही आलंच, पण तो वेगळा धागा होईल.

गंमत म्हणजे बायबलमध्ये आशेच्या जोडीला दोन्ही नांगर आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. म्हणजे तुम्हाला आधी शेत दिसलं ते अगदीच चूक नाही, फक्त पत्र चुकलं. ग्रीकमध्ये हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत, हा योग मराठीत वाचणाऱ्याच्या वाट्याला येतो.

प्रतिसाद:
ताई, ‘आधार’ नका लिहू. आधार खांबाचाही असतो, आणि खांब दिसतो. नांगर पाण्याखाली जातो, दिसत नाही, दिसतो तो फक्त दोर ताणलेला. त्या ओळीत पुढे म्हटलंय तेही तेच, की हा नांगर पडद्याच्या आत पोचलेला आहे, म्हणजे ज्यू लोकांच्या मंदिरातल्या परमपवित्र जागेच्या पडद्याआड, जिथे नजर जात नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर नांगराची चित्रं कोरलेली सापडतात ती याच कल्पनेतून. तुमचं कार्डही त्याच कामासाठी आहे, तेव्हा शब्द अगदी जागेवर आहे.

प्रतिसाद:
‘आशा’बद्दल थोडं. मराठीत या शब्दावर आधीच बरंच ओझं आहे. आशाळभूत, आशेला लावणे, खोटी आशा, ही सगळी मंडळी त्याच घरातली. सुभाषितातही आशा ही माणसांची अजब साखळी, बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागेवर बसतात. साखळी हा शब्द लक्षात ठेवा, कारण हिब्रूत आशेला ‘तिकवा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे दोरी! यहोशवाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते ना, तिथे दोरीसाठी हाच शब्द आहे.

आता ही राहाब कोण, तर यरीहोची, म्हणजे शत्रूच्या गावातली, वेश्या म्हणून ओळखली जाणारी बाई. इस्राएली हेरांना लपवते, वाचते, आणि नुसती वाचत नाही तर पुढे त्या परक्या लोकांतच राहते, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ दिलीय त्यात पहिल्याच अध्यायात तिचं नाव आहे. कुठलाही कुळाभिमानी माणूस जे नाव गुपचूप गाळेल ते यांनी लिहून ठेवलंय. त्यामुळे मला वाटतं आशा म्हणजे ‘बरं होईल बहुतेक’ असा अंदाज नाही, दुसऱ्या टोकाला कोणीतरी धरलंय म्हणून बांधलेली दोरी. उमेद हा शब्द मला आवडतो पण ती स्वतःच्या अंगातली असते, म्हणून तर खचते. कार्डावर आशाच हवी.

प्रतिसाद:
सगळं छान आहे पण दोरीचं हे टोक धरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचंच आपापसात पटत नाही त्याचं काय? १०५४ मध्ये पूर्वेचं आणि पश्चिमेचं चर्च फाटलं, सोळाव्या शतकात कॅथलिक-प्रोटेस्टंट असं पुन्हा फाटलं, त्यानंतर किती पंथ झाले ते कोणी मोजावेत. आणि तोंडात शब्द कायम ‘ऐक्य’. मला तर तो शब्दच ठराव पास करताना वापरायचा वाटतो.

प्रतिसाद:
दादा, बरोबर बोललात, शब्द जड आहेच. पण इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात क्रियापद काय आहे बघा. ऐक्य ‘करा’ नाही, ऐक्य ‘राखा’. म्हणजे ते आधीच दिलेलं आहे, तुमचं काम मोडू न देण्याचं. एकी करायची असते, एकजूट बांधायची असते, ऐक्य मात्र राखायचं. मी शिकवायला लागल्यापासून हा फरक दहा वेळा सांगितला असेल, तरी मलाच दर वेळी नव्याने कळतो. (आणि ‘मनोमीलन’ हा शब्द कृपया कोणी आणू नका, तो राजकारणाने पार खाऊन टाकलाय.)

आणि एकसारखं होणं म्हणजे ऐक्य नाही हे तर रोमकरांस पत्रात उघड आहे. १४ वा अध्याय वाचा, भांडण कशावरून, तर जेवणावरून! एक फक्त भाजीपाला खाणारा, दुसरा सगळं खाणारा, एक अमुक दिवस पाळणारा, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे. पौल काय म्हणतो, सगळ्यांनी भाजी खा किंवा सगळ्यांनी मांस खा? नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, एकमेकांचा स्वीकार करा. आणि हा सगळा विषय कुठे जाऊन थांबतो, तर १५ व्या अध्यायात ‘आशेचा देव’ या शब्दांपाशी. जेवणाचं भांडण आणि आशा एकाच दमात! मला ते आधी विचित्र वाटायचं, आता नाही वाटत, कारण दुसऱ्याच्या ताटाकडे बघून वैतागायचं थांबायला काहीतरी मोठं धरून ठेवावंच लागतं.

फाटलं ते खरंच आहे, नाकारत नाही. पण १०५४ चे एकमेकांवरचे बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ ला पोप सहावे पॉल आणि पूर्वेकडच्या चर्चचे, कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख (पॅट्रिआर्क) अथेनागोरास यांनी मिळून इतिहासजमा केले, आणि माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या ज्या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात भडका उडाला त्यावर कॅथलिक आणि लूथरन लोकांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. विलीनीकरण झालं का? नाही. जे झालं त्यासाठी बायबलच्या नव्या करारातला शब्द आहे ‘समेट’, आणि हा शब्द मला ऐक्यापेक्षाही जवळचा, कारण समेट व्हायला आधी भांडण झालेलं मान्य करावं लागतं.

धागाकर्ती:
सगळ्यांना धन्यवाद, कालच्या प्रार्थनेबद्दल सांगते. मैत्रिणीकडे माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट, आणि आमच्यासारखे दोन्ही नसलेले दहा-पंधरा जण. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली, अगदी एका सुरात, आणि शेवटी ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ झालं तसा निम्मा हॉल थांबला आणि निम्मा ‘कारण राज्य, पराक्रम’ म्हणत पुढे गेला. नंतर कळलं की कॅथलिक लोक तिथेच थांबतात. मला आधी धस्स झालं, वाटलं आता हे अवघडणार. पण थांबलेले डोळे मिटून शांत उभे राहिले, पुढे जाणाऱ्यांनीही घाई केली नाही, एक आजोबा तर आवाज थोडा खाली आणून म्हणत होते, आणि मग ‘आमेन’ला सगळे एकत्र. आम्हीही म्हटलं. मी घरी येऊन बघितलं, आमेन ज्या हिब्रू धातूवरून आला त्याचा अर्थ स्थिर असणं, भरवशाचं असणं. म्हणजे फिरून नांगरच की!

तर कार्डावर ‘आशा’ आणि ‘नांगर’ दोन्ही ठेवलेत. गैरसमज नको म्हणून खाली कोपऱ्यात जहाजाच्या नांगराचं छोटं चित्रही टाकलं, आणि प्रिंट हातात आल्यावर मैत्रिणीच्या मावशींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, छान आहे गं, पण नांगर उलटा का काढलाय?