नववीतल्या मुलाशी (आणि त्याच्या बाबांशी) कसं बोलू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, वय १४. तालुक्याचं गाव, एकत्र कुटुंब. लैंगिक गोष्टींच्या माहितीची अडचण नाही. प्रजननाचा धडा दहावीच्या विज्ञानात येतो, पण तोवर थांबतंय कोण! सगळं मोबाईलवर मिळतं आणि उरलेलं क्लासमधला बारावीचा एक दादा पुरवतो. माझी काळजी वेगळीच आहे. परवा जेवताना शेजारच्या मुलीबद्दल म्हणाला, "ती चालू आहे, रोज त्याच्या गाडीवर फिरते." गाडी ज्याची, तो मात्र 'भारी'. माझी पुतणी अकरावीत आहे, ती पानावरून उठून गेली. सासूबाई हसल्या.

त्याला एकट्याला काय बोलणार? आमच्याच घरात पॅड काळ्या पिशवीतून येतात आणि पाळी आली की देवघराकडे फिरकायचं नाही. हे म्हणतात, "आम्हाला कोणी शिकवलं होतं? वेळ आली की कळतं." पालकसभेत विषय काढला तर उत्तर आलं, "मुलं बिघडतील." २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं.

तर विचारायचं असं, की नुसती माहिती न देता मुलींकडे बघायची नजर बदलेल असं कसं बोलायचं? मी बोलू की त्याच्या मामाला सांगू? सरकारी दवाखान्यातल्या 'मैत्री' क्लिनिकचा कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद: ताई, मी किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते. 'मैत्री'त १० ते १९ वयाच्या मुलामुलींना मोफत सल्ला मिळतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा, पण 'तुझं डोकं ठिकाणावर आणायला' म्हणून नेऊ नका, पुन्हा पाऊल टाकणार नाही. समोर बसवून बोललात तर तो भिंतीकडे बघेल. गाडीवर मागे बसवा, भाजी निवडायला घ्या. "ती चालू, मग तो कोण?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. मामा चालेल, पण गाडीवरच्या त्या मुलाला 'भारी' म्हणणारा नको. पुतणीशी आधी बोला, तिला वाईट वाटलंय.

बाबांना पॉक्सो सांगा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा आहे, १८ च्या आत मुलीची संमती कायदा धरत नाही, आणि अल्पवयीन मुलीचा तसला फोटो नुसता पुढे पाठवला तरी गुन्हा होतो. हे ऐकलं की 'वेळ आली की कळतं' म्हणणारे बाबाही टीव्हीचा आवाज कमी करतात.