गांज्याची बातमी फक्त पकडल्यावरच काहून येते?

तूरवाला_आर्णी: राजेहो, एक इचारायचं होतं. परवा आमच्या गावच्या एका पोट्ट्याले गांज्यासकट धरलं, दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग काय तं "1 लाख 10 हजारांचा मुद्देमाल जप्त". आत वाचलं तं गांजा 900 ग्रॅम, 15 हजाराचा, बाकी सारी मोटरसायकल अन मोबाइलची किंमत. फोटोत टेबलावर एक पुडकं, मांगं आठ जण उभे, पोट्टा खाली दुपट्टा बांधून. गावाचं नाव मात्र ठळक. मांगं असंच दुसऱ्याचं आलतं, त्याचं पुढं काय झालं, माल कुठून आलता, एक ओळ नाही. असं काहून?

जुना_वार्ताहर: भाऊ, सहा वर्षं तेच केलं म्या. एलसीबीची (जिल्हा पोलिसांची गुन्हे शाखा) प्रेसनोट रात्री ग्रुपवर पडते, तिकडं पान लागायची घाई, मुद्देमालाचा आकडा नोटमध्येच असते तो तसाच उचलायचा. मानधन म्हणजे नुसतं नाव, वरून दिवाळीच्या जाहिराती आणा. मोठी केस जिल्ह्याले स्पेशल कोर्टात चालते, दर तारखेले जायचं पेट्रोल कोण देते?

काळाकोट: 1 किलोच्या आत गांजा म्हणजे एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांचा कायदा) अल्प प्रमाण, जास्तीत जास्त 1 वर्ष किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर गेलं की कमीत कमी 10 वर्षं अन जामीन महाकठीण. पेपरात दोन्हीचं हेडिंग सारखंच! आणखी एक, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा, शेंड्याशिवाय नुसता पाला किंवा बी असलं तर ते त्यात येत नाही. इकडे तुरीतली गांज्याची झाडं उपटली की मुळं-मातीसकट वजन छापून मोकळे. कोर्टात मग त्यावरच वाद चालतो, पण तो कोण छापणार.

वर्धेची_ताई: माझ्या भावाचं नाव आलं होतं हो, आई दोन महिने पिठाच्या गिरणीवर गेली नाही, दळण मीच न्यायचे. त्याच कायद्यात कलम 64अ आहे, थोड्या मालासोबत सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकटचा नंबर आहे, त्या बातमीखाली एवढं छापायला किती जागा लागते?

तूरवाला_आर्णी: ताई, नंबर त्या पोट्ट्याच्या मायले देतो आजच. अन ते 1 लाख 10 हजारातली गाडी मामाची हाय बरं, तो बिचारा सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे जप्त गाडी परत भेटावी म्हणून, कोर्टाच्या चकरा मारून रायला.