चर्चा: फ्रँचायझी घेणाऱ्याला राज्याच्या कायद्याचं संरक्षण हवं का?

डेलावेअरकाठ:
न्यू जर्सीत आपल्यातले बरेच जण नोकरीला कंटाळून फ्रँचायझी घ्यायचं मनावर घेतात. डोनटचं दुकान, मुलांचे गणिताचे वर्ग, एखादं मोटेल. ब्रँड कुठला आणि सुटतात किती, यावर तासन्‌तास बोलतात. दुकान कुठल्या राज्यात, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम कंपनीला एवढंच म्हणतो, की सही करण्याआधी किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस अटींचं माहितीपत्र द्या. करार मोडायचा कसा, ते राज्यांवर. न्यू जर्सीत १९७१ च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय करार संपवता येत नाही, आणि कारण असलं तरी सहसा ६० दिवसांची लेखी नोटीस लागते. सबळ कारण म्हणजे दुकानदाराने करार नीट न पाळणं. ‘आमचं धोरण बदललं’ चालत नाही. वेस्टफील्डच्या पेट्रोलपंपाच्या खटल्यात १९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच धरलं: कंपनीचा हेतू शुद्ध असला तरी पंपवाल्याची भरपाई चुकत नाही. डेलावेअर नदी ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गेलात की असा सरसकट कायदाच नाही.

हिशेबनीस:
पटलं नाही. सज्ञान माणसं वकील लावून सह्या करतात, सरकारने मध्ये का पडावं? एक घाणेरडं दुकान अख्ख्या साखळीचं नाव घालवतं, आणि गिऱ्हाईक तुटतं ते शेजारच्या गावातल्या प्रामाणिक दुकानदाराचं. आयोवाने १९९२ मध्ये कडक कायदा केला. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००० मध्ये राज्याने नव्या करारांसाठी नियम सैल केले. हात बांधले की कंपनी ते फीमध्ये वसूल करणार.

मोटेलवाली:
दादा, वकील लावून काय होतं? करार छापील येतो, स्वल्पविरामही बदलून मिळत नाही. घाणेरडं दुकान बंद करायला कायदा आडवा येतच नाही. कॅलिफोर्नियात २०१६ पासूनच्या करारांत चूक सुधारायला निदान ६० दिवस मिळतात, पण लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर कंपनी लगेच करार संपवू शकते. आमच्या ओळखीच्या जोडप्याला कंपनीने सगळ्या खोल्यांचे पलंग, गाद्या, पडदे बदलायला लावले, तेही ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडूनच. घर गहाण टाकून हे सगळं केलं. उद्या करार संपला तर कर्ज त्यांच्याच डोक्यावर राहणार. कंपनी पाटी उतरवून पुढच्या चौकात दुसऱ्याला लावून देईल.

हिशेबनीस:
त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, ताई. पण त्या अटी माहितीपत्रात होत्याच ना? न वाचता गुंतवलेल्या पैशाची जबाबदारी कायद्याने का घ्यावी? मला भीती वेगळीच आहे. काढणं अवघड झालं की कंपनी नवख्याला दुकानच देणार नाही, ज्याची आधीच पाच आहेत त्याला देईल.

पुणेकर वकील:
भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, १८७२ च्या करार कायद्यावर भागवावं लागतं. छापील करार घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा मी फक्त समजावू शकतो, बदलून देऊ शकत नाही. त्यामुळे माझं मत मोटेलवालीताईंच्या बाजूने.

डेलावेअरकाठ:
हिशेबनीस, नवख्याचा मुद्दा रास्त आहे. पण काढायची सोय म्हणून ज्याला दुकान देतात, त्याने आयुष्याची पुंजी का लावावी? वाचण्याबद्दल मात्र एकमत. माहितीपत्रातला १७ वा मुद्दा नूतनीकरण, करार संपवणं, हस्तांतर आणि भांडण कुठे लढायचं याचा असतो. आणि न्यू जर्सीवाल्यांनो, दुकान राज्यातच हवं, आधीच्या १२ महिन्यांत कंपनीशी व्यवहार ३५,००० डॉलरच्या वर हवा आणि तुमच्या विक्रीतला २० टक्क्यांहून जास्त वाटा त्या फ्रँचायझीचा हवा. नाहीतर हा कायदा तुम्हाला लागूच होत नाही.