टीडीएस 78 आहे, तरीही इमारतीत दोन मुलांना कावीळ झाली. पाण्याची खात्री कशी करावी?

प्रश्न (नेरूळची रहिवासी)

आमची इमारत नेरूळमध्ये आहे, चार मजली आणि जुनी. गेल्या महिन्याभरात आमच्या जिन्यावरील दोन मुलांना कावीळ झाली. त्यांपैकी एक माझा नऊ वर्षांचा मुलगा असून रक्ततपासणीत हिपॅटायटिस ए निघाला. नळाचे पाणी स्वच्छ दिसते, त्याला वासही येत नाही.

मागच्या शनिवारी प्युरिफायर विकणारे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मीटरवर टीडीएस 78 आला. मग त्यांनी एका ग्लासात आमचे आणि दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतले पाणी घेतले, दोन्हींत धातूच्या सळ्यांचे एक उपकरण बुडवले आणि ते विजेला जोडले. थोड्याच वेळात आमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ तरंगू लागला. त्यांचे पाणी मात्र होते तसेच राहिले. हेच पाणी मी मुलाला पाजत आले, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारे यंत्र) घ्यावे का? आणि पाणी नेमके कुठे बिघडते, हे आम्हा रहिवाशांना शोधता येईल का?

उत्तर (निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ठाणे)

ताई, आधी तो गाळ मनातून काढून टाका. त्या उपकरणातील एक सळी लोखंडाची असते आणि वीज सोडली की ती झिजून तिचाच गंज पाण्यात उतरतो. त्यांच्या बाटलीत असते तशा आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. त्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग करायला सांगा, तेही तसेच गढूळ होईल.

टीडीएस म्हणजे केवळ विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण स्वीकारार्ह आहे. नेरूळला येणारे पाणी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे, म्हणजे डोंगरात पडलेल्या पावसाचे आहे, त्यामुळे 78 हा आकडा स्वाभाविक आहे. परंतु काविळीचा विषाणू मीटरवर दिसत नाही. तो मैलापाण्यातून येतो आणि शरीरात शिरल्यानंतर साधारण दोन ते सात आठवड्यांनी आजार दिसतो. म्हणून आजच्या पाण्यापेक्षा महिन्याभरापूर्वी काय घडले होते, ते आठवा: ड्रेनेज तुंबले होते का, कुठे खोदकाम झाले होते का? मुलांनी बाहेर काही खाल्ले-प्यायले होते का, हेही विचारा.

पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघते तेव्हा त्यात क्लोरीन असतो आणि नळाशी पोहोचेपर्यंत तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरावा, अशी अपेक्षा आहे. हा क्लोरीनच तुम्हाला वाट दाखवील. रसायनांच्या दुकानात क्लोरीन तपासण्याचा संच मिळतो. पूर्वी आम्ही जिला ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट म्हणायचो तीच ही. पाणी सुटण्याच्या वेळी चार ठिकाणांहून नमुने घ्या: इमारतीच्या पाण्याच्या मीटरजवळचा नळ, खालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि तुमचे स्वयंपाकघर. द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. साठवणीत तो हळूहळू कमी होतोच, त्यामुळे गच्चीवर रंग फिका आला म्हणून घाबरू नका. पण मीटरपाशी पिवळे असलेले पाणी खालच्या टाकीत पडताच रंगहीन होत असेल, तर तिथे क्लोरीन खाणारे काहीतरी आहे. तपासलेले पाणी ओतून द्या, पिऊ नका.

त्यानंतर जिवाणू तपासणी करून घ्या. बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, कारण ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध घातलेले असते. ती विसळू नका. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) मुळीच सापडता कामा नये. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्या.

उत्तर (सोसायटी सचिव, कोपरखैरणे)

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी अगदी हेच घडले. जमिनीखालच्या टाकीला लागूनच ड्रेनेजचे चेंबर होते आणि दोहोंमधल्या भिंतीला केसाएवढी चीर गेली होती. टाकी भरलेली असताना काहीच कळत नसे. ती रिकामी झाली की चेंबरमधले पाणी आत झिरपे. आम्ही टाकी उपसली, भिंती कोरड्या पुसल्या आणि दोन तास नुसते बसून राहिलो, तेव्हा एका कोपऱ्यात ओल उमटली. साफसफाईनंतर 1000 लिटरला सुमारे 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर या हिशेबाने टाकी रात्रभर भरून ठेवली व सकाळी ते पाणी सोडून दिले. माणसाला टाकीत एकट्याने उतरू देऊ नका, झाकण बराच वेळ आधी उघडून ठेवा.

आणखी एक विनंती: कोणी मुख्य वाहिनीला थेट पंप लावला असेल, तर तो आजच काढायला लावा. पाणी बंद असताना किंवा दाब कमी असताना असा पंप फुटक्या सांध्यांतून आजूबाजूची घाण आत ओढतो, आणि त्रास मात्र शेजारच्या इमारतींनाही होतो.

उत्तर (ऐरोलीकर)

आरओची घाई करू नये, असे माझेही मत आहे. 500 पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओ वापरण्यास मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, कारण त्यात पाणी फार वाया जाते. यंत्र घ्यायचेच असेल तर यूव्ही दिवा (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) असलेले पुरेसे आहे. तथापि, ते एका घराचे रक्षण करील, टाकी मात्र तशीच राहील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज पहाटे साडेपाचला मी आणि तळमजल्यावरच्या काकूंनी संच घेऊन तपासणी केली. मीटरजवळचे पाणी हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले. खालच्या टाकीचे तीनदा पाहिले, तिन्ही वेळा रंग आला नाही. जुलैमध्ये आमच्या मागचे चेंबर दोन दिवस तुंबले होते, हे काकूंनी आठवण करून दिले. ते चेंबर टाकीपासून हातभर अंतरावर आहे. रविवारी टाकी उपसण्याचे ठरले असून जिवाणू तपासणीची बाटलीही उद्या आणणार आहोत. चारही मजल्यांवर दारोदार जाऊन पाणी उकळण्यास सांगितले आहे. दुसऱ्या मजल्यावर सात महिन्यांचे बाळ आहे, त्यांच्याकडे सर्वांत आधी गेले.