झोपेच्या गोळ्या, जुनी चिठ्ठी आणि कागलचे मेडिकल

प्रश्न (खानापूरकर) :
माझे मामा निपाणीजवळ राहतात. मामी गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना झोपेसाठी अल्प्राझोलमची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी थोड्या दिवसांसाठी लिहून दिली होती. तीच चिठ्ठी दाखवत, आणि इथल्या मेडिकलवाल्याने नकार दिल्यावर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलहून मागवून, ते आता रात्री तीन-तीन गोळ्या घेतात. कधी त्यावर दारूही होते. गोळ्या लपवून ठेवाव्यात, असे मामेभाऊ म्हणतो. ते योग्य ठरेल का? आणि कायद्याची काही अडचण आहे का?

उत्तर (औषधविक्रेता, चिकोडी) :
गोळ्या लपवू नका. कित्येक महिने रोज घेतलेली ही गोळी एकाएकी तोडली, तर घाम, हातांना कंप, जागरण आणि काही जणांना आकडी येते, जी जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. दारूचा धोका मात्र आजचा आहे, कारण दोन्हींचा परिणाम मिळून श्वास मंदावतो. हलवूनही जाग येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर 108 ला फोन करा. शिवाय या वयात रात्री उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते, त्याकडे कोणी लक्षच देत नाही. नकार देणारा दुकानदार चुकला नाही : 2014 पासून हे औषध एच-1 परिशिष्टात, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद करूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, आणि डॉक्टर, रुग्ण व गोळ्यांची संख्या नोंदवलेली वही आम्हाला तीन वर्षे जपावी लागते.

उत्तर (वकील, बेळगाव) :
1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा केंद्राचा असल्याने कागल काय आणि निपाणी काय, दोन्हीकडे तोच लागू आहे. उपचारासाठी वैध चिठ्ठीवर घेतलेली गोळी हा गुन्हा नाही. बिनचिठ्ठीचा साठा किंवा दुसऱ्याला विकणे हा आहे. अल्प्राझोलमची ‘अल्प’ मर्यादा, म्हणजे जिच्या आत शिक्षा सौम्य असते ती, 5 ग्रॅम आहे, पण मिश्रणाचे एकूण वजन धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवल्यामुळे गोळीतल्या खडू-पिठासारख्या भरणीचेही वजन मोजले जाऊ शकते. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला कलम 64-अ काही अटींवर संरक्षण देते.

खानापूरकर : उपचारासाठी कुठे न्यावे?

औषधविक्रेता, चिकोडी :
धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था तुम्हाला जवळ पडेल. निघण्यापूर्वी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलून घ्या. उरलेल्या पट्ट्या आणि जुनी चिठ्ठी सोबत न्या, आणि दारूचा खरा हिशेब मामांसमोरच डॉक्टरांना सांगा.