मांगर वाढवून मॉडेल रेल्वेचा लेआउट बसवायचाय, पश्चिमेला पडवी काढू का?

सिग्नल_डाऊन (उसगाव)

नमस्कार मंडळी. घरामागे आजोबांच्या वेळचा मांगर (सामान ठेवायची सुटी खोली) आहे, १० बाय १२ फूट, चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आत सध्या नारळ, चुडतं (माडाच्या झावळ्या), माटोळीची (गणपतीवर फळं टांगायची) चौकट आणि एक बंद पडलेला पंप. मी डायनिंग टेबलवर एचओ स्केलची (खऱ्याच्या १:८७) छोटी गाडी अंडाकृती रुळावर फिरवतो, चवथीला पाहुणे यायचे झाले की सगळं उचलून खोक्यात, घरचेही वैतागलेत नि मीही. आता कायमची जागा करायची आहे. डोक्यात आहे कुळे ते कॅसलरॉक, म्हणजे ब्रागांझा घाट, दूधसागरचा पूल, मालगाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं, सगळं.

१२ फुटांत हे मावत नाही हे दिसतंयच, म्हणून पश्चिमेला ८ फुटांची पडवी काढावी असा विचार आहे, तिकडे परसू मोकळं आहे. मेस्त्री म्हणतो चिऱ्यांचीच भिंत घालू, भाचा म्हणतो मामा जीआय पाइप नि पत्रे, आठवड्यात उभं करून देतो. मला खरी भीती पावसाची. जुलैत मांगराच्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, अशा खोलीत ही महागडी इंजिनं ठेवायची का, प्लाय फुगेल का, की एचओ सोडून त्याहून लहान एन स्केल घेऊन आहे त्याच जागेत भागवू? आईची अट एकच, नारळाला जागा राहिली पाहिजे.

मीटरगेज_काका (वास्को)

अरे वा, आमचीच लाईन करतोयस. माझी निम्मी नोकरी त्या घाटात गेली त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घे.

चिरे की पत्रे ते नंतर बघू. आधी अंगणात खडूने लेआउट पूर्ण मापाचा काढ, नि त्यात स्वतः उभा राहून बघ. एलएचबी डबा (हल्लीच्या एक्स्प्रेसचा) खरा साधारण २४ मीटरचा, एचओत म्हणजे १:८७ ला तो साडेसत्तावीस सेंटिमीटर होतो. असा डबा १८ इंची वळणावर फिरतो पण फार वाईट दिसतो, डब्याचं पोट आत नि टोकं बाहेर. २४ इंच त्रिज्या धर. म्हणजे गाडी उलटी वळवायला सव्वा मीटर नुसते रूळ झाले, कडा धरून दीड मीटर. आणि हात पोचायला पाहिजे, अडीच फुटांपलीकडे गाडी घसरली तर तू टेबलावर चढणार आणि झाडं चिरडणार.

आता घाट. खरा चढ ३७ ला १. तुझ्या १२ फुटांच्या भिंतीला, म्हणजे ३.६६ मीटरला, तो चढ फक्त दहा सेंटिमीटर वर नेतो. एवढ्या उंचीत एक रूळ दुसऱ्याच्या डोक्यावरून कसाबसा जातो, घाट वगैरे काही वाटत नाही. घाटाला लांबी लागते बाबा, रुंदी नाही. तू पश्चिमेला ८ फूट वाढवलंस की खोली नुसती रुंद होणार, मध्ये मोठं टेबल येणार, नि आपण लांबून बघतोय असं होईल. घाटातली गाडी अंगावरून गेल्यासारखी बाजूने गेली पाहिजे.

दूधसागर मात्र स्केलला धरून करू नकोस. धबधबा ३१० मीटर, १:८७ ला साडेतीन मीटर होतो, कौलं काढून वर न्यावा लागेल 😄 एन मध्येसुद्धा जवळजवळ दोन मीटर. छातीएवढा कर, पुलाच्या मागे धुक्याचा कापूस लाव, पुरे.

चिरेबंदी (डिचोली)

मी बांधकामातला, रेल्वेतलं कळत नाही, पण ती पडवी काढू नको हे सांगायलाच लॉगिन केलं.

दादा हिशोब बघ. मंगलोरी कौलाला उतार बरा लागतो, ३० अंश धर. ८ फूट पुढे येईपर्यंत छप्पर साडेचार फूट खाली उतरतं. तुझ्या मांगराची वळचण जमिनीपासून ८ फुटांवर असेल तर पडवीच्या टोकाला साडेतीन फूट उरणार, तिथे कोंबड्या ठेव. मग माणूस म्हणतो कौलं नको, पत्रा टाकू कमी उताराने. ठीक आहे, उंची मिळाली, पण जिथे कौलं संपून पत्रा सुरू होतो तो सांधा आयुष्यभर गळतो. कितीही फ्लॅशिंग मारा, डांबर लावा, पश्चिमेचा वारा पाणी उलटं वर चढवतो. आपल्याकडे १२० इंचांच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा चार महिन्यांत, आणि झड येते पश्चिमेकडूनच. बरोबर त्याच तोंडावर तू नाजूक सामान ठेवणार.

भाच्याला नाराज करत नाही पण पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये बसता येत नाही, आणि पहाटे पत्र्याला आतून घाम सुटतो त्याचे थेंब थेट इंजिनावर. पत्राच हवा असेल तर मधे फोम असलेलं सँडविच पॅनेल घ्यावं लागेल, ते स्वस्त नाही.

मी काय करेन ते सांगतो. आढं कुठल्या दिशेला धावतं बघ. १२ फुटांच्या बाजूला समांतर असणार बहुतेक. मग टोकाची त्रिकोणी भिंत उतरवायची आणि आढं, वासे, रिपा त्याच रेषेत आणखी ८ फूट पुढे न्यायच्या. छप्पर एकच, उतार तोच, नवा सांधा नाही, पन्हळ नाही. खोली होते १० बाय २०. त्या भिंतीचे चिरे परत वापरता येतात, धड निघाले तर.

दोन गोष्टी विसरू नको. नवीन पाया जुन्याएवढा खोल घे, आणि नवी चिऱ्याची भिंत जुन्या भिंतीत दात काढून घट्ट बांधू नको, मधे फट ठेवून ती लवचीक सीलंटने भर. नवा पाया पहिल्या पावसात थोडा बसतोच, बांधून टाकलं तर भिंतीला तडा जातो. जोतं जमिनीपासून दीड फूट वर, आणि जोत्यावर ओल अडवणारा थर, तो मेस्त्री विसरतात. जुन्या भिंतीला हात ओला होतो म्हणतोस ते खालून चढणारं पाणी पण असेल आणि झड पण, दोन्ही बघायला लागेल.

मीटरगेज_काका (वास्को)

चिरेबंदी भाऊ तुम्ही रेल्वेतलं कळत नाही म्हणता पण उत्तर रेल्वेचंच दिलंत. २० फूट म्हणजे ६.१ मीटर, ३७ ला १ ने साडेसोळा सेंटिमीटर चढ एका भिंतीवर. टोकाला वळवून दुसऱ्या भिंतीवरून परत आणलं की तेवढाच पुन्हा. कुळे खाली दाराजवळ, कॅसलरॉक वर, मधली सोनावली, दूधसागर, कारंझोळ त्यातलं एखादं स्टेशन धर, सगळी घ्यायला जाऊ नको. भिंतींना दोन फुटांचे शेल्फ धरलेस तर मधे सहा फूट चालायला राहतात, टोकांना वळणं येतात तिथे थोडं अरुंद.

पण एक, मॉडेलचं इंजिन खऱ्यासारखं १:३७ ला सहा डबे ओढेलच असं नाही, एचओत लोक २ टक्क्यांपर्यंतच थांबतात. तुझा चढ २.७ टक्के. आपल्याला ते आवडायला पाहिजे, कारण गाडी अडकली की मागून बँकर लावायचं खरं कारण मिळतं.

खारी_हवा (मांद्रे)

समुद्रापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर माझा लेआउट आहे, एन स्केल, म्हणून थोडं माझंही ऐका. जुन्या स्टार्टर सेटमधले स्टीलचे रूळ असतील तर ते आताच काढून टाक, एका पावसात लाल होतात. निकेल सिल्व्हरचेच घे. ते गंजत नाहीत, काळपट थर धरतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने जातो. रुळांचे जोड मात्र विश्वासाचे नाहीत, आपल्या हवेत महिन्या दोन महिन्यांत वीज पोचवायची बंद होते नि गाडी भलत्याच ठिकाणी थांबते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी फीडर वायर सोल्डर कर, कंटाळवाणं आहे पण एकदाच.

रूळ उन्हाने वाढतात त्याची लोक फार काळजी करतात. सहा मीटरला दहा डिग्रीत एखादा मिलिमीटर, तेवढी फट ठेवली की झालं. खरा त्रास खालच्या लाकडाचा, ते ओल पिऊन फुगतं आणि रुळांना वाकडं करतं. सांगाडा मी लाकडाचा केलाच नाही, सरकत्या खिडक्यांचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियम सेक्शनचा करून घेतला. वाळवीचाही प्रश्न मिटला. वर आयएस ७१० मार्कचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, आणि कापलेल्या कडांना दोन हात रंग किंवा इपॉक्सी, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. सांगाडा भिंतीपासून दोन-तीन इंच सुटा ठेव म्हणजे मागून हवा खेळते आणि पाल मेली तर काढता येते.

पावसाळ्यात वरून प्लास्टिक घालू नको, खाली वाफ कोंडते आणि झाडांना बुरशी. सुती चादर. आणि एक साधं डिजिटल हायग्रोमीटर टांग, ६०-६५ टक्क्यांवर राहायला लागलं की डिह्युमिडिफायर काही तास. इंजिनं मी काचेच्या कपाटात ठेवतो, आत सिलिका जेल, आपल्या आया कपड्यांच्या कपाटात बल्ब लावायच्या तोच प्रकार.

एन घ्यायचा विचार असेल तर १:१६० ला १० बाय १२ मध्येही बरंच काही बसतं, बांधकामाचा खर्च वाचतो. विचार कर.

मीटरगेज_काका (वास्को)

एन वाईट नाही पण ज्याच्याकडे एचओचा साठा आहे त्याला विकून एन घे म्हणणं मला पटत नाही. शिवाय माझे डोळे. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, १:८७ ला १९ च्या वर व्हायला पाहिजे आणि आपण चालवतो १६.५ च्या रुळावर, म्हणजे आपल्या गाड्या तशाही थोड्या अरुंद पायावर उभ्या. कोणाच्या लक्षात येत नाही. तुला घाट मीटरगेजच्या काळातला करायचा असेल, वायडीएम-४ डिझेल इंजिनं वगैरे, तर १२ मिलिमीटरचा एचओएम रूळ जवळजवळ बरोबर बसतो पण तो मुख्यतः स्वित्झर्लंडच्या गाड्यांसाठी बनतो आणि किंमत ऐकून घरी सांगायची हिंमत होणार नाही.

पुण्याला गेलास तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून ये, एका खोलीत किती गोष्टी बसवता येतात ते कळतं.

तीस_मिलीअँप (फोंडा)

कोणी विजेचं बोललं नाही म्हणून. घरातून मांगरात एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळवत नेऊ नको प्लीज. आर्मर्ड केबल जमिनीखालून, मांगरात वेगळा एमसीबी, ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा), स्वतंत्र अर्थिंग. रुळावर व्होल्टेज कमीच असतं पण ॲडॅप्टर २३० वरच असतो, आणि तू ओल्या जमिनीवर अनवाणी उभा. मेच्या शेवटी आणि परत ऑक्टोबरला गडगडाट सुरू झाला की मेन बंद करून पिन काढून ठेव, डीसीसीचा (गाड्या डिजिटल चालवायचा) कंट्रोलर गेला तर दुरुस्त होत नाही, नवाच. वायरींना उंदीर लागतात, पाइपातून घे.

एक_चौदा (म्हापसा)

बांधकामाची मजा चाललीय पण पंचायतीला विचारलं का? पाया घालून छप्पर वाढवणं ही दुरुस्ती धरत नाहीत, बांधकाम परवाना लागतो, नगरनियोजन खात्याचाही संबंध येतो. आधी एक-चौदाचा (गोव्यातला जमिनीचा) उतारा काढ, आजोबांच्या वेळचं घर म्हणजे त्यावर काका-आत्यांची नावं असणारच, त्यांची एनओसी घे. हद्दीपासून किती अंतर सोडायचं ते ड्राफ्ट्समनला मोजायला लाव. शेजाऱ्याने तक्रार टाकली की त्याला तुझं दूधसागर दिसत नाही, अनधिकृत भिंत दिसते.

सिग्नल_डाऊन (उसगाव)

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं येईल वाटलं नव्हतं. आढं खरंच १२ फुटांच्या बाजूला समांतर आहे, दक्षिणेचं टोक मोकळं, फक्त एक पेरूचं झाड जाईल. आत्याला फोन केला, ती म्हणाली सही करते पण नातवंडांना गाडी चालवायला द्यायची. अंगणात खडूने १० बाय २० आखून बघितलं, काका म्हणतात तसं घाट भिंतीने गेला तर खरंच मजा येईल. एन नको, एचओच.

दोन शंका राहिल्या. नारळ लेआउटच्या खाली ठेवले तर चालतील का, जागा भरपूर राहतेय. आणि काम कधी काढू?

चिरेबंदी (डिचोली)

नारळ आत नको. ओल आणतात, उंदीर आणतात, आणि सोलून काढलेल्या सोडणांना वाळवी. ८ फुटांची पडवी नको म्हटलं ते खोली म्हणून. पण पश्चिमेच्या भिंतीला ३ फुटांची उघडी पडवी काढ, कौलाचीच, तोच उतार. पावणेदोन फूट खाली येते, वाकायला लागत नाही. खाली नारळ, चुडतं, पंप. ती गळली तरी कोणाचं काही बिघडत नाही, आणि झड भिंतीवर यायची थांबली की तुझी भिंत अर्धी सुकते. परवान्याच्या नकाशात ती पण दाखव.

काम दिवाळीनंतर काढ. पाया-भिंती जानेवारीपर्यंत, कौलं चढवून प्लास्टर मार्चच्या आत, म्हणजे उन्हाळाभर सुकेल. आणि एक पाऊस खोली रिकामी ठेव. नुसतं ते हायग्रोमीटर टांगून ठेव आणि जोराचा पाऊस असेल तेव्हा टॉर्च घेऊन आतून कौलं बघ, जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण. प्लाय त्यानंतर आण.

मीटरगेज_काका (वास्को)

एक पाऊस रिकामी ठेव म्हणतात ते बरोबर, पण तो पाऊस फुकट घालवू नको. कुळे स्टेशनचं यार्ड सुट्या तुकड्यांवर घरात करून घे, प्रत्येक तुकडा ४ फुटांच्या आत म्हणजे मांगराच्या दारातून जाईल. दाराची रुंदी मात्र आत्ताच मोजून सांग.